क्रीम: आवाजाचं कुणी बोललंच नाही
क्रीम हा साठच्या दशकातला ब्रिटिश रॉक बँड: एरिक क्लॅप्टन गिटारवर, जॅक ब्रूस बास गिटारवर, जिंजर बेकर ड्रम्सवर. 'क्लॅप्टनच्या अहंकारापायी क्रीम फुटला' असं इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. भांडण मुळात जॅक ब्रूस आणि जिंजर बेकरचं, आणि तेही आधीपासूनचं. त्याआधी दोघं ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये होते, तिथून बेकरनेच ब्रूसला काढलं होतं. उलट १९६६ मध्ये क्रीम उभा करताना 'ब्रूस हवाच' हा हट्ट क्लॅप्टनचा.

पण स्टेजवर आवाज किती मोठा असायचा, याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. मागे मार्शल कंपनीच्या अँप्लिफायरच्या भिंती, आणि स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून आजच्यासारखे मॉनिटर स्पीकर नाहीत. एकदा क्लॅप्टन चालू कार्यक्रमात वाजवायचा थांबला, तरी ब्रूस आणि बेकरच्या ते लक्षातच आलं नाही! 'व्हील्स ऑफ फायर' या अल्बममधलं जवळपास १७ मिनिटांचं 'स्पूनफुल' हेडफोन लावून फक्त बासकडे कान देऊन ऐका. ब्रूस साथ करतच नाही, तो गिटारशी झुंजतो. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलला क्रीमचा निरोपाचा कार्यक्रम झाला. २००५ मध्ये तिथेच चार रात्री तिघं पुन्हा सुंदर वाजवून गेले. पुढे न्यूयॉर्कला मात्र बेकरची तक्रार तीच जुनी, ब्रूसच्या बासचा आवाज फार मोठा.