आकडे पाठ आहेत, पण वस्तू मोजताना चुकते

प्रश्न: मुलगी ४ वर्षांची. १ ते २० घडाघडा म्हणते, पण समोर ७ बटणं ठेवली की कधी ६ सांगते, कधी ९. कोणता खेळ घ्यावा?

उत्तर १: एका वस्तूला एकच आकडा, हे अजून बसलेलं नाही, तोंड बोटापुढे पळतं. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या ५ खळग्यांत एकेक बटण टाकायला लावा. बटण पडल्यावरच आकडा म्हणायचा. मग विचारा, "एकूण किती?" पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे उमगायचंय. तोवर ५ च्या पुढे जाऊ नका.

उत्तर २: ट्रे सुटला की मोजलेलं बटण बाजूला सरकवू द्या, नाहीतर तेच दोनदा मोजलं जातं. घरात ३ वर्षांखालचं भावंड असेल, तर मोठे ठोकळेच घ्या. बटण घशात अडकतं.