मदत हवी आहे: भंडारदरा, अडीच दिवस, सोबत सासूबाईंचा गुडघा

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी डोंबिवलीहून निघायचं आणि रविवारी रात्री घरी, असा भंडारदऱ्याचा बेत ठरलाय. ठरलाय म्हणजे काय, नवऱ्याने धरणाजवळच्या शेंडी गावात दोन खोल्या बुक करून टाकल्या आणि बाकीचं तू बघ म्हणाला. आम्ही सहा जण: मी, नवरा, मुलगा १३, मुलगी ७, सासरे ७१ (रोज तासभर चालतात आणि आम्हाला लाजवतात) आणि सासूबाई, त्यांचं फेब्रुवारीत डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीला मस्त चालतात, कठडा असेल तर दहा-पंधरा पायऱ्या चढतात पण उतरताना दुखतं आणि ते त्या सांगत नाहीत, नुसत्या गप्प होतात.

चिरंजीवांची यादी अशी: शनिवारी सकाळी कळसूबाई, दुपारी रंधा धबधबा, रविवारी रतनगड, मग सांदण दरी आणि येताना हरिश्चंद्रगड, "वाटेतच आहे". नवरा म्हणतो होऊन जाईल. मला हे नकाशावर बोट फिरवल्यासारखं वाटतंय. मागच्या वर्षी एका थंड हवेच्या ठिकाणी सात पॉइंट केले, त्यातले पाच सासूबाईंनी गाडीच्या काचेतून बघितले, ते परत नको.

तर यातलं काय ठेवू काय काढू, सासूबाईंना खरंच उतरून बघता येईल असं काय आहे, आणि मुलगी रोज विचारतेय की काजवे दिसतील का?

डोंगरवेडा
ताई, तुमचंच बरोबर आहे. हरिश्चंद्रगड आत्ताच काढा, पाचनईची वाट सोपी असली तरी पाचनई राजूरहून बरंच आत आहे, तुमच्या परतीच्या रस्त्यावर अजिबात नाही. सांदणही नको. दोन्हीकडे उभा कातळ आणि मधे अरुंद घळ, वर पाऊस पडला की पाणी तिथूनच जाणार आणि माणसाला बाजूला व्हायला जागा नाही. सात वर्षांच्या मुलीला घेऊन तर नाहीच, डिसेंबरात परत या.

रतनगडाला जंगल, शिड्या आणि नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जायचं तर अख्खा दिवस लागतो. म्हणजे कळसूबाई किंवा रतनगड, एकच. पहिलीच वेळ असेल तर कळसूबाई करा, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर, मुलाला शाळेत सांगायलाही बरं. बारी गावातून चढायचं, तुमच्या स्पीडने वर जायला साडेतीन तास धरा. लोखंडी शिड्यांना कठडे आहेत, पण शनिवार-रविवारी त्यांच्या तोंडाशी रांग लागते, म्हणून पहाटे सहाला बारीत हजर पाहिजे. आणि तारखा नवरात्रात येत नाहीत ना ते आधी बघा, तेव्हा वर देवीची यात्रा असते, मग गर्दीचं विचारू नका.

काजवे नाही दिसणार. ते मे अखेर ते पहिला पाऊस, तेवढंच.

राजूरचा_पाव्हणा
रंधा फॉल बघायच्या आधी हॉटेलवाल्याला एकच विचारा, धरणातून पाणी सोडलंय का. तो धबधबा प्रवरेवर आहे, धरणाच्या खालच्या अंगाला, सोडलं असेल तर आवाज गाडीतूनच ऐकू येतो, नसेल तर खडक बघून परत. धरणाच्या पायथ्याच्या अंब्रेला फॉलचंही तेच. धरण मात्र बघाच, १९२६ सालचं दगडी काम आहे, आम्ही अजून विल्सन डॅमच म्हणतो.

सासूबाईंसाठी सगळ्यात भारी म्हणजे गाडीने जलाशयाला पूर्ण वळसा. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि उडदावणे-पांजरेवरून परत शेंडी. चाळीसेक किलोमीटर असेल पण पावसानंतर रस्त्याची जी दशा असते त्याने अख्खा दिवस जातो, आणि जाऊ दे, कारण त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी पिवळी सोनकी फुललेली असते आणि दर वळणावर थांबावंसं वाटतं. घाटघरला गाडीतून उतरून थोडंच चाललं की एकदम कोकण पायाखाली. ढग असले तर काहीच दिसत नाही, पंधरा मिनिटं थांबा, वाऱ्याने पडदा सरकतो. पेट्रोल घोटीतच भरा. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडतात, रोख ठेवा, मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

मीनाक्षी_ठाणे
मी बाबांना नेलं होतं, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून लिहितेय. रतनवाडीचं अमृतेश्वर त्यांना फार आवडलं. गाडी जवळपर्यंत जाते. आधी पुष्करणी लागते, चारी बाजूंनी कोनाडे आणि त्यांत मूर्ती, बाबा काठी टेकून तिथेच अर्धा तास उभे होते. देवळाच्या भिंतीवरचं कोरीवकाम हात लावून बघण्याइतकं जवळ आहे. पण पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंडी पाण्याखाली असते आणि फरशी शेवाळलेली, अनवाणी घसरायला होतं, सासूबाईंना सभामंडपातूनच नमस्कार करायला सांगा. फोल्डिंग स्टूल गाडीत टाका, खूप उपयोग होतो. आणि कोणी सांगत नाही ते सांगते, टॉयलेट शेंडीतच उरकून निघा, पुढे भरवसा नाही. रतनवाडीत जाताना जेवण सांगून ठेवायचं आणि येताना जेवायचं, पिठलं आणि तांदळाची भाकरी, गरम.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार!! आता असं ठरतंय: शनिवारी पहाटे नवरा, मुलगा आणि सासरे कळसूबाईला, मी, सासूबाई आणि लेक आरामात उठून धरण आणि पाणी असेल तर रंधा. रविवारी सगळे मिळून वळसा, घाटघर सकाळी की दुपारी? आणि जाताना कसारा घाटाने जाऊ की समृद्धीने?

डोंगरवेडा
समृद्धीला आमण्याहून चढा, इगतपुरीला उतरा, मग घोटी. शुक्रवारी दुपारी कसाऱ्यात ट्रकच्या मागे बसण्यापेक्षा टोल परवडला.

राजूरचा_पाव्हणा
सकाळी रतनवाडी, घाटघर दुपारनंतर, सकाळी तिथे बहुतेक धुकंच असतं. आणि येताना घोटीकडे वळायच्या आधी एक फेरी राजूरला मारून पेढे घ्या, हे रस्त्यात नाही हे मला माहितीये, तरी घ्या.

धागाकर्ती
पेढे लिस्टमध्ये 🙂 हा सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. स्टूलबद्दल त्या काही बोलल्या नाहीत पण आता त्यांना कळसूबाईची ओटी पाठवायचीये, खण, तांदूळ, नारळ, सगळं नातवाच्या बॅगेत. बायका नसताना पुरुषांनी दिली तर चालते का हो?

मीनाक्षी_ठाणे
आमच्या आईने भावाबरोबर पाठवली होती, देवीपुढे ठेवून आला. फक्त नारळ बॅगेत अगदी तळाला घाला, त्याचा शिडीवरून सुटला होता, त्याला वर आणखी एक विकत घ्यावा लागला.