एअर फ्रायरमधले डोनट कडक का होतात

ताई, 200 अंशावर 10 मिनिटं ठेवले आणि टोस्ट झाले म्हणालात, त्यात नवल नाही. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हनच. गरम वारा पीठ सुकवत राहतो. आधी रिकामा तापवा, मग 175 अंशावर 5-6 मिनिटं पुरतात. आत ठेवण्याआधी आणि बाहेर काढल्या काढल्या बटर लावा, हात आखडू नका.

खरी गोम मात्र दुसऱ्यांदा फुगण्यात आहे. कापलेले डोनट अर्धा तास झाकून ठेवायचेच. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तयार. प्रत्येकाखाली बटर पेपरचा वेगळा चौकोन ठेवा आणि कागदासकट उचला, नाहीतर हवा जाऊन चपटे होतात (माझी पहिली खेप चहात बुडवून संपवली!). आमच्या ठाण्यात पावसाळ्यात मैदाही ओलसर होतो, म्हणून पाव किलोला अर्धा कप दूध घेतलं तरी त्यातलं दोन चमचे मी मागे ठेवते, लागलं तरच घालते.

तळलेल्याची चव येत नाही, ते मान्य. गरम असतानाच पिठीसाखर-जायफळात घोळवा आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाव होतो.