कोणी न पाहिलेला रंग पडद्यावर कसा आणावा?

प्रश्न : अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) या कथेत एका शेतावर उल्का पडते आणि तिच्यातून आलेला रंग आपल्या वर्णपटात कुठेच बसत नाही; त्याला रंग म्हणायचे तेही दुसरा शब्द नाही म्हणून. वाचताना हे सहज खपून जाते, पण कॅमेऱ्यासमोर कोणता तरी रंग ठेवावाच लागतो. मग दिग्दर्शकाने काय करावे?

प्रतिसाद १ : दिग्दर्शक रिचर्ड स्टॅन्ली यांनी या कथेवरच्या २०१९च्या चित्रपटात मॅजेंटाकडे (जांभळट गुलाबी रंगाकडे) झुकणारी छटा निवडली. ही निवड वरवरची नाही, कारण इंद्रधनुष्यात मॅजेंटा नसतोच. लाल आणि निळा प्रकाश एकत्र डोळ्यांत शिरला, की मेंदू तो रंग घडवतो.

प्रतिसाद २ : तर्क मान्य आहे, परंतु अर्ध्या तासात डोळा सरावतो आणि पुढे तो प्रकाश (माझ्यापुरते सांगतो) लग्नाच्या हॉलमधल्या रोषणाईसारखा वाटू लागतो. हुआन वू यांचा ‘दी फार्बे’ (२०१०) हा याच कथेवरचा जर्मन चित्रपट अवश्य पाहावा. तो जवळजवळ संपूर्ण कृष्णधवल असून रंग केवळ त्या परक्या अस्तित्वाला दिला आहे, त्यामुळे छटा कोणती हा प्रश्नच गौण ठरतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मला मात्र कथेतील फळेच अधिक भिववतात : झाडावर टपोरी, तुकतुकीत दिसणारी सफरचंदे आणि नासपती, ज्यांचा इवलासा घासही कडवटपणामुळे घशाखाली उतरत नाही. ते दाखवायला कोणताही नवा रंग लागत नाही.