रॅप्चर न मानणारा प्रभूची वाट पाहत नाही, हे कोणी ठरवलं?

साधा विश्वासी:
आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. म्हणणं असं की महासंकटाच्या, म्हणजे शेवटच्या काळातल्या सात वर्षांच्या छळाच्या, आधी मंडळी (सगळे विश्वासी) स्वर्गात उचलली जाणार, म्हणजे रॅप्चर होणार, हे जो मानत नाही त्याला प्रभूच्या येण्याची आसच नाही, त्याने आपलं तारण तपासून पाहावं, आणि तो मागे राहिला तर नवल नाही. खाली मत्तय २४:४० आणि आमेनची रांग. गप्प बसणार होतो, पण बसवत नाही.

आधी ते वचन बघू. शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. अहो, जरा वरची ओळ वाचा ना. नोहाच्या दिवसांत लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते, आणि जलप्रलय येऊन सगळ्यांना घेऊन गेला. तिथे नेले गेले ते बुडाले, उरला तो नोहा. मग लगेच पुढे 'घेतला जाईल' आलं की तो थेट स्वर्गात कसा गेला?

आता १ थेस्स ४, म्हणजे थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. तिथे आज्ञाध्वनी आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, देवाची तुतारी आहे. एवढ्या गजरात गुपचूप काय होणार? सात वर्षांचा तर त्या अध्यायात उल्लेखच नाही. ज्यांची माणसं वारली होती त्यांचं सांत्वन करायला पौल लिहितोय, की मेलेले आधी उठतील आणि आपण सगळे मिळून प्रभूला सामोरे जाऊ.

आणि इतिहास. महासंकटाआधी वेगळं, गुप्त उचललं जाणं ही मांडणी पसरली ती १८३० नंतर, जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकापासून, आणि १९०९ च्या स्कोफिल्डच्या बायबलातल्या टीपांनी ती घरोघरी गेली. दुसऱ्या शतकातला जस्टिन हुतात्मा स्वतः यरुशलेमेतलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य मानायचा, पण त्यानेच लिहून ठेवलंय की शुद्ध विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती असं मानत नाहीत. त्यांचं तारण तपासा असं तो म्हणाला नाही. ऑगस्टिन आधी हजार वर्षं मानत होता, नंतर त्याने ती मंडळीच्या आत्ताच्या काळाला लावली. अठराव्या शतकातला उपदेशक जोनाथन एडवर्ड्स, त्याला वाटायचं की सुवार्ता जगभर जिंकेल आणि मग प्रभू येईल. यातल्या एकालाही प्रभूची आस नव्हती का?

शेवटचा कर्णा:
ती पोस्ट मी लिहिलेली नाही, पण मी आमेन म्हणणाऱ्यांतला आहे, म्हणून उत्तर देतो. डार्बीचं नाव काढलं की वाद संपला असं काही लोकांना वाटतं. उशिरा स्पष्ट झालं म्हणून खोटं ठरत असेल तर ल्यूथरलाही लोक हेच म्हणत होते की बाबा तू हे नवीन काय काढलंस. शास्त्रात आहे की नाही एवढंच विचारा. १ थेस्स ५:९, देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. प्रकटीकरण ३:१०, परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन. प्रकटीकरणाच्या पहिल्या तीन अध्यायांत मंडळी, मंडळी, मंडळी, आणि चौथ्यापासून ते थेट २२:१६ पर्यंत तो शब्दच नाही, सगळी संकटं त्या मधल्या भागात. कुठे गेली मंडळी? दानीएल ९ मधल्या सत्तर आठवड्यांपैकी (एक आठवडा म्हणजे सात वर्षं) एकोणसत्तर अक्षरशः पुरे झाले, मग सत्तरावाच, महासंकटाचा, तेवढा आत्मिक कसा काय? आणि दुसऱ्या शतकातला इरेनियस पण वाचा, मंडळी अचानक वर घेतली जाईल आणि मग संकट येईल असं तो 'पाखंडांविरुद्ध'च्या पाचव्या पुस्तकात लिहितो.

खरं दुखणं वेगळंच आहे. आजकाल वेदीवरून आगमनाचा विषयच निघत नाही. सगळं कसं यश, आशीर्वाद, नोकरी, बढती. लोकांना इथेच घर करून राहायचंय. वर्षानुवर्षं मंडळीत बसलेल्या माणसाला विचारा, आगमनावरचा शेवटचा उपदेश कधी ऐकलास, त्याला आठवणार नाही. त्यात कुणी जिवाच्या तळमळीने एक पोस्ट टाकली तर तुम्ही त्यातल्या चुका काढत बसता.

साधा विश्वासी:
इरेनियसचं ते वाक्य मला माहीत आहे. त्याच पाचव्या पुस्तकात थोडं आधी तो म्हणतो की दहा राजे आपलं राज्य श्वापदाला, म्हणजे ख्रिस्तविरोधकाला, देतील आणि मंडळीला पळवून लावतील. मंडळी आधीच वर गेली असेल तर पळतंय कोण? आणि एकोणसत्तर आणि सत्तर यांच्यामध्ये दोन हजार वर्षांची फट तुम्ही घालता, दानीएल घालत नाही. अक्षरशः वाचायचं असेल तर एकोणसत्तरच्या मागोमाग सत्तर येतात.

वेदीवर आगमन ऐकू येत नाही हे मात्र खरं. त्याला माझीही पूर्ण संमती.

पेल्लाची वाट:
दोघेही विसरताय की येशूने वेळ सांगितलेली आहे. मत्तय २४:३४, हे सर्व पुरे होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. शिष्यांनी विचारलं मंदिराबद्दल, त्याने उत्तर दिलं मंदिराबद्दल, आणि इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीताच्या सैन्याने ते मंदिर पाडलं. लूक २१:२०-२१ तर सरळच सांगतो, यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल तेव्हा पळा. जुना मंडळी-इतिहासकार युसेबियस लिहितो की तिथले ख्रिस्ती युद्धाआधी निघून यार्देनेपलीकडे पेल्लाला गेले. म्हणजे ज्यांना सांगितलं त्यांना ते बरोब्बर समजलं, दोन हजार वर्षांनंतरच्या आपल्याला समजत नाही.

आणि प्रकटीकरणातलं श्वापद म्हणजे रोमचा सम्राट नीरो. 'नेरोन कैसर' इब्री अक्षरांत लिहून अक्षरांच्या अंकांची बेरीज करा, श्वापदाची संख्या ६६६ येते. शेवटचं 'न' हे अक्षर वगळलं तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका ६१६ आहे. योहानाच्या वाचकांना हिशेब करायला सांगितलाय, म्हणजे त्यांच्या ओळखीचाच माणूस असणार. मग श्वापदाची खूण म्हणून चिप आणि बारकोड मध्ये कुठून आले?

सत्तर आठवडे:
पेल्लाभाऊ, एवढ्या खात्रीने बोलताय तर एक सांगा. इरेनियस म्हणतो की प्रकटीकरणाचं दर्शन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या शेवटी शेवटी झालं, म्हणजे ९५ च्या आसपास. नीरो मेला ६८ मध्ये, मंदिर पडलं ७० मध्ये. पंचवीस वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या गोष्टींचं भाकीत योहान करत होता का? आणि नीरोचं नाव इरेनियसला सुचलंच नाही, ६१६ त्याला माहीत होता आणि त्याने तो लिहिणाऱ्याची चूक म्हणून बाजूला ठेवला. इरेनियसने पॉलिकार्पला पाहिलेलं, आणि पॉलिकार्पने योहानाला. त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत?

मी स्वतः हजार वर्षांचं राज्य मानतो, पण मंडळी महासंकटातून जाऊन मग प्रभूला भेटणार असं मानतो. म्हणजे कर्णावाले मला अर्धवट समजतात आणि तुम्ही मला वेडा समजता.

पेल्लाची वाट:
इरेनियस त्याच लेखनात येशूचं वय पन्नाशीच्या जवळपास गेलं होतं असंही सांगतो, आणि तेही थोरांकडून ऐकलेलं म्हणून. ते मानता का? नाही ना. मग तारखेच्या बाबतीतच त्याचा शब्द दगडावरची रेघ कशाला? पुस्तकातलाच पुरावा घ्या. ११ व्या अध्यायात मंदिर मोजायला सांगितलंय, ते उभं आहे म्हणूनच. १७:१० मध्ये सात राजे, पाच पडले, एक आहे. ज्युलियस सीझरपासून मोजा, सहावा नीरो.

सत्तर आठवडे:
ज्युलियसपासून का? पहिला सम्राट ऑगस्टस. तिथून मोजलं तर सहावा गाल्बा. तुम्हाला नीरो हवाय म्हणून तुम्ही ज्युलियसपासून सुरुवात करता. मंदिर तर यहेज्केलानेही मोजलेलं पाहिलं, तेव्हा यरुशलेमेत मंदिर नव्हतंच. आणि प्रकटीकरणात जिथल्या मंडळीला पत्र आहे ते लावदिकीया ६० च्या सुमारास भूकंपाने उद्ध्वस्त झालेलं शहर. नीरोच्या काळात 'मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही' म्हणणारी मंडळी तिथे इतक्या लवकर कुठून आली?

सगळं होऊन गेलं म्हणणाऱ्यांबद्दल पौलाने काय लिहिलंय तेही वाचा. हुमनाय आणि फिलेत, २ तीमथ्य २. पुनरुत्थान होऊन गेलं म्हणत होते.

पेल्लाची वाट:
मी पुनरुत्थान होऊन गेलं असं कुठे म्हटलं?? प्रभू परत येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, हे मी दर रविवारी मंडळीबरोबर उभा राहून कबूल करतो. मत्तय २४ चा मोठा भाग ७० मध्ये पुरा झाला एवढंच म्हणतोय. हुमनायाच्या पंक्तीला बसवण्याआधी समोरच्याने काय लिहिलंय ते वाचायची तसदी घ्या. असल्या वागण्यामुळेच लोक चर्चा सोडून जातात.

तेलकुपी:
तुमचं डोमिशियन आणि नीरो चालू द्या, पण मागे राहणं हा शब्द तुम्ही किती सहज वापरता ते बघून मला लिहावंसं वाटलं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या मुलांच्या वर्गात एका बाईंनी शिकवलं होतं की एक दिवस तुम्ही घरी याल आणि घरात कोणी नसेल, आई नाही, बाबा नाही, कारण ते गेले आणि तुम्ही राहिलात. एकदा मी शाळेतून आले तर दार सताड उघडं, इस्त्री गरम, टेबलावर बाबांचा अर्धा इस्त्री केलेला शर्ट, आणि घरात कोणी नाही. मी हाका मारल्या नाहीत. मी धावत शेजारच्या आजींकडे गेले, त्या आमच्याच मंडळीतल्या, दिवसरात्र प्रार्थना करणाऱ्या, म्हटलं त्या असतील तर अजून झालेलं नाही. त्या पण दिसेनात. मी त्यांच्या पायरीवर बसून आदल्या दिवशी भावाची पेन्सिल घेतली होती त्याची क्षमा मागत होते. आई आणि त्या आजी दोघी गच्चीवर होत्या, पाऊस येईल म्हणून कपडे काढायला गेलेल्या.

आईने मला जवळ घेतलं, पण मी का रडतेय ते तिला कित्येक वर्षं सांगितलं नाही. लग्न झाल्यावरसुद्धा नवरा फोन उचलत नसला की पोटात तोच गोळा यायचा. पौल म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. माझ्या वाट्याला त्यातलं सांत्वन आलंच नाही.

शेवटचा कर्णा:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण एका शिक्षिकेने चुकीच्या पद्धतीने शिकवलं म्हणून शिकवणच चूक होत नाही. माझे वडील प्यायचे. आईला मारायचे. एका संध्याकाळच्या सभेत आगमनावर उपदेश झाला, आज रात्री तुतारी वाजली तर तू कुठे, एवढाच प्रश्न. ते तिथून घरी आले, आईच्या पायाशी बसले, आणि त्यानंतर त्यांनी मरेपर्यंत दारूला हात लावला नाही. तुम्ही ज्याला भीती म्हणता त्यानेच आमचं घर वाचलं. मी ती शिकवण का सोडू?

तेलकुपी:
सोडा असं मी म्हटलंच नाही. तुमचे वडील मोठा माणूस होते, दारू पिऊन बायकोला मारत होते, त्यांना हलवायलाच हवं होतं. मी पेन्सिल घेतली होती. दोघांना एकच औषध?

कोरी पाटी:
तेलकुपींना दुजोरा. आमच्याकडे तर आकडेमोड होती. एक उपदेशक यायचे, १९४८ ला इस्राएल उभं राहिलं, येशूने सांगितलेल्या अंजिराच्या झाडाला पालवी फुटली, आता एक पिढी मोजा. तारीख सांगायचे नाहीत, फक्त 'फार नाही राहिलं'. माझ्या मोठ्या भावाने शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली नाही. आईबाबांनी विम्याचे हप्ते भरायचे बंद केले. पुढे बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आलं तेव्हा ते उपदेशक दुसरीकडे कुठेतरी हेच सांगत होते, आणि पैसे आम्ही उधार मागत होतो.

शेवटचा कर्णा:
तारखा काढणाऱ्यांना आम्हीही खोटेच म्हणतो. पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, मत्तय २४:३६. १८४४ मध्ये प्रभू येणार म्हणणाऱ्या विल्यम मिलरचा माझ्या शिकवणीशी संबंध नाही, तो रॅप्चरवाला नव्हताच.

साधा विश्वासी:
मिलर नव्हता हे मान्य. पण १९४८ अधिक चाळीस म्हणून १९८८ चा सप्टेंबर सांगणारा एडगर व्हाइसनंट तुमच्याच मांडणीतला होता, आणि चुकल्यावर त्याने पुढच्या वर्षाची तारीख दिली. २१ मे २०११ सांगणारा हॅरोल्ड कॅम्पिंगही चुकल्यावर ऑक्टोबरवर गेला. 'फार नाही राहिलं' हीसुद्धा एक तारीखच आहे, फक्त पकडता न येणारी. आणि ते अंजिराचं झाड लूकमध्ये वाचा, २१:२९, 'अंजिराचे झाड व सर्व झाडे पाहा'. अंजीर म्हणजे इस्राएल, तर बाकीची सर्व झाडं कोण?

सत्तर आठवडे:
हा लूकचा मुद्दा चांगला आहे. थेस्सलनीकात पण हेच झालेलं दिसतं. दिवस आलाच म्हणून लोक हादरलेले आणि काही जण कामधंदा सोडून बसलेले. पौल म्हणतो, काम करा आणि आपली भाकर खा. कोरी पाटी, तुमच्या भावाला हे कोणी वाचून दाखवलं असतं तर.

कोरी पाटी:
वाचून दाखवलं होतं. चुलत्यांनी. त्यांना जगिक म्हणून घरी बोलवायचं बंद झालं.

शेवटचा कर्णा:
बरं. मत्तय २४:४० मी रॅप्चरसाठी वापरणार नाही. आमच्यातलेही बरेच जाणकार ते वचन महासंकटानंतरच्या आगमनालाच लावतात, तेव्हा यात तुम्ही काही जिंकलात असं समजू नका. ज्याला पटत नाही त्याचं तारण तपासा, हेही पोस्टमध्ये नको होतं. मुलांच्या वर्गात 'तू मागे राहशील' असं मी म्हणणार नाही. पण प्रभू येतोय हे सांगणार, आणि महासंकटाआधी येतोय हेच सांगणार.

साधा विश्वासी:
सांगा. सोबत एवढंही सांगा की याच प्रभूवर प्रेम करणारे बरेच विश्वासी हे वेगळ्या तऱ्हेने वाचतात.

शेवटचा कर्णा:
ते नाही सांगणार. मला जे शास्त्रात दिसत नाही ते मी मुलांना का शिकवू? मोठे झाल्यावर वाचतील आणि ठरवतील.

तेलकुपी:
मोठं होईपर्यंतच तर प्रश्न आहे.

पेल्लाची वाट:
सत्तर आठवडे, यहेज्केलाला दिसलेलं मंदिर दर्शनातलं होतं हे बरोबर, पण प्रकटीकरण ११:२ मध्ये बाहेरचं अंगण परराष्ट्रीयांना दिलेलं आहे आणि ते पवित्र नगर बेचाळीस महिने तुडवतील असं आहे. लूक २१:२४ मध्ये यरुशलेम तुडवली जाण्याची हीच भाषा आहे, आणि ती ७० बद्दल आहे हे तुम्हीसुद्धा नाकारत नाही. यावर बोला.