रिमवर्ल्ड: मका-तांदूळ फ्रीजरमध्ये कशाला?

कणगी

रिमवर्ल्ड या वसाहत उभारण्याच्या संगणकी खेळात वसाहत जरा वाढली की जो तो फ्रीजर, म्हणजे गोठवणारी खोली, वाढवत सुटतो आणि मांस, मका, तांदूळ, तयार जेवण सगळं त्यातच कोंबतो. माझं मत स्पष्ट आहे. फ्रीजर फक्त मांस, मारलेली जनावरं आणि शिजवलेल्या जेवणासाठी. धान्य बाहेरच्या कोठारात.

कच्चं मांस २ दिवसांत कुजतं, जेवण ४ दिवसांत. बटाटा मात्र ३० दिवस टिकतो, तांदूळ ४० आणि मका ६०. खेळातलं वर्षच मुळी ६० दिवसांचं! म्हणजे हंगामाचा शेवटचा मका एक वॉटही न खर्चता पुढच्या पिकापर्यंत पुरतो. छप्पर मात्र हवंच. कुजणं तापमानावर ठरतं, झिजणं उघड्यावर पडण्यावर; ही दोन नुकसानं वेगळी आहेत.

उणे_दहा

साफ असहमत. ‘पुढच्या पिकापर्यंत’ हे तुम्ही गृहीत धरलंय. विषारी धुळीचा पाऊस सुरू झाला की उघड्यावरचं शेत मरतं, आणि तुमच्या कोठाराचं घड्याळ चालूच राहतं. ० अंशांच्या खाली कुजणं पूर्ण थांबतं. ० ते १० मध्ये फक्त मंदावतं.

विजेचा हिशोबही चुकतोय. ती खोली गार करणारा कूलर २०० वॉट खातो, पण ठरवलेलं तापमान गाठलं की २० वर येतो. भार पडतो तो खोलीचा आणि बाहेरच्या उन्हाचा, आत काय ठेवलंय त्याचा नाही. राहिला जागेचा प्रश्न. ८ जणांना दिवसाला साधारण १४ साधी जेवणं लागतात, म्हणजे १४० नग कच्चा माल. वर्षाचे ८४०० नग, ७५ चा एक ढीग धरला तर ११२ ढीग. १.४ आवृत्तीपासून दोन घरांच्या (नकाशावरच्या चौकटींच्या) शेल्फवर ६ ढीग बसतात. १९ शेल्फ झाले की काम भागलं.

कणगी

आणि सोलर फ्लेअर, म्हणजे विजेवरचं सगळं बंद पाडणारं सौर वादळ, आलं की? बॅटऱ्या भरलेल्या असल्या तरी कूलर बंदच. सगळी शिदोरी एका खोलीत ठेवणं मला पटत नाही. संकटासाठी पेमिकन (मांस आणि भाजीपाल्याचं टिकाऊ अन्न) करा. ५ मांस आणि ५ भाजीपाला यांचे १६ नग होतात आणि ते ७० दिवस टिकतात. तेवढ्याच मालाचं साधं जेवण ०.९ पोषण देतं, पेमिकन ०.८. हा तोटा मी आनंदाने सोसेन.

दुहेरी_दार

फ्लेअरने फ्रीजर बुडत नाही, दारं बुडवतात. ० वर ठेवलेला कूलर म्हणजे हमाल आत-बाहेर करू लागले की पारा लगेच वर. -८ ते -१० ठेवा. भिंत दुहेरी, आणि दोन दारांमध्ये एक रिकामं घर. कूलरची लाल, म्हणजे गरम हवा सोडणारी बाजू ज्या घरावर उघडते तिथलं छप्पर काढा, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडते आणि कूलर २०० वॉटवरच अडकतो. एवढं केलं तर फ्लेअर संपेपर्यंत गारवा बराच टिकतो.

कणगी, तुमच्या ६० दिवसांत आणखी एक खोट आहे. ढीग एकत्र झाले की वयाची सरासरी निघते. ४८ दिवस जुना २५ नग मका आणि ताजा ५० नग एका ढिगात गेला की सगळा ढीग १६ दिवस जुना. नवं पीक आलं की त्याला वेगळा साठा नेमून द्या, आधी जुना संपवा.

कणगी

सरासरीचा मुद्दा मान्य. तरीही स्टोव्हशेजारी एक शेल्फ मक्याचा ठेवाच, ‘क्रिटिकल’ म्हणजे साठवणुकीच्या सर्वोच्च प्राधान्याने. दर जेवणामागे स्वयंपाकी फ्रीजरचं दार उघडत राहिला तर तुमचे ते -१० टिकायचे नाहीत.

उणे_दहा

एक शेल्फ चालेल. ८ माणसांत तो तीन दिवसांत रिकामा होतो, तेव्हा त्याच्या वयाचा प्रश्नच येत नाही. वर्षाचा साठा मात्र मी गोठवणारच.