‘एक्स्पांडर’ला विस्तारक म्हणावं का? आणि ‘पृच्छा’ की ‘चौकशी’?

फोंडा : सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लावायला मराठीत टिपण लिहितोय. डिस्कच्या पेटीत एसएएस (सर्व्हरला डिस्क जोडायची एक पद्धत) एक्स्पांडर आहे, त्याला लिनक्सच्या कमांड लाइनवरून माहिती विचारायची असते. मी लिहिलं, ‘विस्तारकाची पृच्छा करावी.’ सहकारी म्हणाला, हे देवाला कौल लावल्यासारखं वाटतं!

डिचोली : कौल उजवा नाहीतर डावा, एवढंच सांगतो. एक्स्पांडर अख्खा तक्ता देतो. पण माझी हरकत ‘विस्तारक’लाच आहे. वाचणाऱ्याला वाटेल, जागा वाढली. तो एका बाइटचीही जागा वाढवत नाही, जोडण्या वाढवतो. कंट्रोलरला, म्हणजे सर्व्हरमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाला, आठ फाय (जोडणीची एकेक टोकं) असतील तर थेट आठच डिस्क लागतात. मध्ये एक्स्पांडर बसवला की त्याच आठांमागे कितीतरी डिस्क चालतात. आमच्याकडे अशा जागेला तिठा म्हणतात.

वास्को : तिठा छान, पण तीनच वाटा? इथे चोवीस-छत्तीस असतात. आणि कृपा करून पोर्टला ‘बंदर’ करू नका, आमच्याकडे खरं बंदर आहे. पोर्ट आणि फाय एकच समजू नका, एवढंही लिहा. चार फाय एकत्र येऊन एक रुंद पोर्ट होतो.

मडगाव : ‘चौकशी’ नको. सरकारी कचेरीत चौकशी लागली म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. ‘शोध’ही नको. कमांडीचं नाव ‘एसएमपी डिस्कव्हर’ असलं तरी तिथे कोणी काही शोधत नाही. एकेका फायला विचारतात, तुझ्या दाराशी कोण? तो पलीकडच्याचा एसएएस पत्ता आणि वेग सांगतो. एसएएस डिस्कशी बोलायला एसएसपी, साटा या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कशी एसटीपी आणि खुद्द एक्स्पांडरशी एसएमपी, असे तीन प्रोटोकॉल आहेत. म्हणून डिस्कच्या यादीत एक्स्पांडर सापडत नाही, तो लिनक्सच्या ‘डेव्ह’ फोल्डरमधल्या ‘बीएसजी’खाली ‘एक्स्पांडर’ नावाने दिसतो. मी सरळ ‘विचारणे’ लिहीन.

फोंडा : पटलं. पण त्या उत्तरात फायपुढे डी, एस, टी अशी अक्षरं येतात, पुढची वाट कशी ठरते ते सांगणारी. डी म्हणजे थेट, टी म्हणजे तक्त्यावरून. एसचं, म्हणजे सबट्रॅक्टिव्हचं, काय? ‘वजाबाकीचा मार्ग’ लिहिलं तर लोक गणित करत बसतील.

डिचोली : ज्याचा पत्ता दुसरीकडे कुठे लागला नाही ते सगळं त्या वाटेने जातं. गावच्या टपालात नाव सापडलं नाही की पत्र पणजीला, तसं. ‘उरलेल्यांची वाट’ लिही.

वास्को : हे झकास. ‘विस्तारक’ मात्र काढ, ‘एक्स्पांडर’च ठेव. पेटीवर तेच छापलंय, रात्री दोन वाजता कोणी शब्दकोश उघडणार नाही.

फोंडा : ठरलं. ‘आधी एक्स्पांडरला विचारा, कुठल्या फायवर कोण आहे. मगच डिस्क ओढा.’ दुसरं वाक्य लाल शाईत.